कायमचा पत्ता

आपल्या घरांतल्या मुलाला अठरा वर्षें पुरीं होतात, त्या दिवशीं घरांत विशेष असें कांहीं घडत नाहीं. आई नेहमींप्रमाणें त्याच्या ताटांत भाकरी वाढते, वडील अभ्यासावरून दोन शब्द बोलतात, आणि धाकटी बहीण नेहमींप्रमाणें भांडते. फार तर मतदारांच्या यादींत नांव घालण्याची आठवण कोणी करून देतो. पण "बाळ, तूं आज सज्ञान झालास, तेव्हां आपली पेटी उचल आणि उद्यांपासून तुझें तूं पाहा," असें त्याला कोणी म्हणत नाहीं. हें वाक्य नुसतें कल्पनेंत आणलें तरी आपल्याला क्रूर वाटतें. परंतु आपल्याच राज्यांत, आपल्याच जिल्ह्यांत अशीं मुलें आहेत कीं, ज्यांना हें वाक्य सौम्य आणि कायदेशीर भाषेंत ऐकावें लागतें. तीं मुलें म्हणजे बालगृहांत वाढलेलीं मुलें. त्यांच्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

मी कायद्याचा पंडित नव्हें. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन शिक्षकी पेशांत पडलों आणि सबंध नोकरी प्राथमिक शाळेंत घालवून निवृत्त झालों. माझ्या शाळेच्या हद्दींत एक बालगृह होतें आणि तेथील मुलें आमच्या वर्गांत येत असत. त्यामुळें या विषयाची मला जी थोडीबहुत ओळख आहे, ती पुस्तकांतली कमी व हजेरीपटावरची अधिक आहे. निवृत्त झाल्यावर मात्र मीं या विषयाचा कायदा आणि त्याचे नियम सवडीनें वाचून काढले. त्यांतलें जें मला कळलें आणि जें आपणां सर्वांना कळावें असें वाटलें, तें सांगतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बालगृह म्हटलें कीं आईबाप वारलेलीं मुलें आपल्या डोळ्यांपुढें येतात. प्रत्यक्षांत तेथें तशीं मुलें असतात, तशींच दुसरींही पुष्कळ असतात. कोणाची आई एकटी आहे आणि तिला मूल सांभाळण्याचें त्राण नाहीं. कोणाचा बाप तुरुंगांत आहे. कोणी घर सोडून रेल्वेच्या फलाटावर सांपडलेला आहे. कोणा मुलीला कोंवळ्या वयांतल्या लग्नापासून सोडवून आणलेलें आहे. अशा मुलांच्या काळजीचा व संरक्षणाचा कायदा २०१५ सालीं नव्यानें झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो अंमलांत आला. बाल न्याय अधिनियम या नांवानें तो ओळखला जातो. मूल बालगृहांत ठेवावें, नातेवाइकांकडे द्यावें कीं दत्तक जाण्यास मोकळें म्हणून जाहीर करावें, याचा निर्णय प्रत्येक जिल्ह्यांतील बाल कल्याण समिती करते. एक अध्यक्ष व चार सभासद अशी ही समिती असते आणि महिन्यांतून निदान वीस दिवस तिनें बसावें असा दंडक आहे. इथपर्यंतची व्यवस्था कागदावर तरी विचारपूर्वक केलेली आहे.

या कायद्यांत बालक म्हणजे १८ वर्षें पुरीं न झालेली व्यक्ति. ही मर्यादा कांहीं वाईट नव्हे. १९८६ च्या कायद्यानें मुलींना १८ पर्यंत संरक्षण दिलें होतें, पण मुलांना मात्र १६ पर्यंतच. २००० सालच्या कायद्यानें तो भेद काढून टाकला. म्हणजे मर्यादा वाढत गेली, आणि हें आनंदानें सांगण्यासारखें आहे. माझें म्हणणें मर्यादेविषयीं नसून मर्यादेच्या पलीकडच्या पावलाविषयीं आहे. याच देशाचा कायदा सांगतो कीं, २१ वर्षें पुरीं झाल्याखेरीज मुलानें लग्न करूं नये. एका संसाराचा भार पेलण्याइतका तो अजून पक्व झालेला नाहीं. मग ज्याच्या पाठीशीं कोणीही नाहीं अशा मुलानें अठराव्या वर्षीं घर, अन्न, शिक्षण आणि नोकरी हे चारही भार एका दिवसांत उचलावेत, असें आपण कोणत्या हिशेबानें धरून चालतों?

या एका दिवसाविषयींच मी आतां थोडें बोलतों. आमच्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत एक तारीख फार वेळां आढळते: १ जून. ज्या आईबापांना अक्षरओळख नव्हती, त्यांना मुलाचा जन्म पोळ्याच्या सुमाराचा कीं शिमग्याच्या, एवढेंच ठाऊक असे. शाळा जूनमध्यें सुरू होई, आणि त्या वेळीं मुलाचें वय पुरतें भरावें म्हणून दाखल करतांना १ जून ही तारीख लिहिण्याची चाल गांवोगांव पडली. ज्या मुलाचे आईबापच ठाऊक नाहींत, त्याची तारीख तर अंदाजानेंच ठरवावी लागते. आतां गंमत पाहा. वयाविषयीं वाद निघाला तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचें प्रमाणपत्र हा पहिला पुरावा, असें २०१५ च्या कायद्याचें ९४ वें कलम सांगतें. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला त्याच्या मागून. आणि हेंही नसेल तर वैद्यकीय तपासणी. म्हणजे सोयीसाठीं लिहिलेली तारीख पुढें एखाद्या मुलाच्या आयुष्यांतील दार बंद होण्याची तारीख ठरते. आणि ती येते केव्हां? बारावीचा निकाल नुकताच लागलेला असतो, पुढील प्रवेशाचे अर्ज भरावयाचे असतात, पहिला पाऊस अंगणांत येऊन उभा राहिलेला असतो. ज्या आठवड्यांत त्याला डोक्यावर छप्पर आणि पाठीवर हात सर्वांत अधिक हवा, त्याच आठवड्यांत वयाचा हिशेब पुरा होतो.

माझा एक विद्यार्थी होता. त्याचें नांव मी सांगत नाहीं. पांचवी ते सातवी तो माझ्या हाताखालीं होता आणि तोंडी हिशेबांत वर्गांत पहिला असे. बालगृहांतून बाहेर पडल्यावर तो एका गाड्या दुरुस्तीच्या दुकानांत काम करी आणि रात्रीं तेथेंच झोपे. एके दिवशीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन तो माझ्याकडे आला. मला वाटलें, फीसाठीं पैसे हवे असतील. पण त्यानें पैसे मागितले नाहींत. अर्ज सगळा नीट भरलेला होता. एकच रकाना कोरा होता. "गुरुजी," तो म्हणाला, "कायमचा पत्ता काय लिहूं?" बालगृहाचा पत्ता लिहावा तर तें आतां त्याचें नव्हतें, दुकानाचा लिहावा तर मालक उद्यां काढून टाकील. मीं त्याला माझ्या घराचा पत्ता लिहावयास सांगितलें. प्रवेशाचें पत्र माझ्या दारीं आलें. तें मीं त्याला नेऊन दिलें. तो फिटर झाला. यांत माझी थोरवी कांहीं नाहीं. तीन ओळींच्या पत्त्याला माझे तीन पैसेही लागले नाहींत. मला सांगावयाचें आहे तें निराळेंच. त्याच वर्षीं त्याच्याबरोबर आणखी तिघेजण तेथून बाहेर पडले होते. त्यांचें काय झालें, असें मीं त्याला विचारलें. त्याला ठाऊक नव्हतें. मीं बालगृहांत जाऊन विचारलें. तेथेंही कोणाला ठाऊक नव्हतें. तीं मुलें शाळेंत असतांना एक दिवस गैरहजर राहिलीं तरी आम्ही हजेरीपटावर खूण करीत होतों आणि निरोप पाठवीत होतों. तींच मुलें अठरा वर्षांचीं झालीं आणि जगाच्या हजेरीपटावरून त्यांचें नांव कमी झालें, तर खूण करावयालासुद्धां कोणी उरलें नाहीं.

श्रोतेहो, अशा मुलांसाठीं कायद्यांत कांहींच तरतूद नाहीं काय? तरतूद आहे, आणि ती वाचून मला सुखद आश्चर्य वाटलें. तिला अनुरक्षण म्हणतात. संस्थेंतून बाहेर पडलेल्या, १८ वर्षें पुऱ्या झालेल्या पण २१ पुऱ्या न झालेल्या तरुणाला समाजांत स्थिर होण्यासाठीं द्यावयाचें साहाय्य, असा त्याचा अर्थ. केंद्र सरकारनें २०१६ सालीं जी आदर्श नियमावली केली, तिच्यांत हें साहाय्य विशेष परिस्थितींत आणखी दोन वर्षें, म्हणजे २३ पर्यंत, देण्याची मुभा आहे. सहा ते आठ जणांनीं एकत्र राहावयाचीं तात्पुरतीं घरें, शिकत असतांना विद्यावेतन, धंद्याचें शिक्षण, नोकरी मिळवून देण्याची खटपट या सर्वांचा तींत उल्लेख आहे. मूल बाहेर पडण्यापूर्वीं दोन महिने त्याच्या पुढील आयुष्याचा आराखडा करून तो समितीपुढें ठेवावा, असेंही सांगितलें आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें अनुरक्षणासाठीं दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. शिवाय महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं अनाथांसाठीं शिक्षणांत आणि शासकीय नोकरींत १ टक्का आरक्षण ठेवलें. एका अनाथ तरुणीच्या चिकाटीच्या पाठपुराव्यांतून हा निर्णय झाला, ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एकटा आवाजसुद्धां सरकारदरबारीं पोहोंचतो, मात्र तो थकतां कामा नये.

मग अडतें कोठें? मी व्याकरण शिकविणारा मनुष्य, म्हणून माझी दृष्टि आधीं क्रियापदावर गेली. ज्या ४६ व्या कलमांत या साहाय्याची तरतूद आहे, त्याच्या इंग्रजी मजकुरांत "शॅल" असें क्रियापद नसून "मे" असें आहे. म्हणजे साहाय्य "दिलें पाहिजे" असें नव्हे, तर "देतां येईल" असें. या दोन प्रयोगांतला भेद चौथीचा मुलगाही ओळखतो. "तुला जेवण दिलें जाईल" आणि "तुला जेवण देतां येईल" या दोन वाक्यांवर दोन माणसांना एक रात्र ठेवून पाहा. सकाळीं व्याकरण आपोआप समजेल. जें "देतां येईल", तें निधि असला तर दिलें जातें, अधिकारी उत्साही असला तर दिलें जातें, मुलानें मागितलें तर दिलें जातें. आणि ज्या मुलाला असें कांहीं मागतां येतें हेंच ठाऊक नाहीं, त्याला तें दिलें जात नाहीं. या विषयांत आपली पहिली मागणी हीच असली पाहिजे कीं, या क्रियापदाचा प्रयोग बदलावा. अनुरक्षण ही मेहरबानी न राहतां त्या तरुणाचा हक्क व्हावा.

हें अशक्य आहे असें कोणी म्हणेल, तर त्याला मी अगदीं अलीकडचें उदाहरण देईन. करोनाच्या साथींत ज्या मुलांचे दोन्ही पालक गेले, त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें मे २०२१ मध्यें एक योजना जाहीर केली. मूल १८ वर्षांचें होईपर्यंत त्याच्या नांवें १० लाख रुपये जमावेत, १८ पासून २३ पर्यंत त्यांतून त्याला दरमहा विद्यावेतन मिळावें, आणि २३ व्या वर्षीं ती १० लाखांची रक्कम त्याच्या हातीं यावी, अशी ती योजना आहे. योजना उत्तम आहे. तिच्याविषयीं माझी तक्रार नाहीं. उलट तिच्यांत सरकारनें स्वतःच एक तत्त्व मान्य केलें आहे, तें हें कीं, पोरका मुलगा अठराव्या वर्षीं स्वतःच्या पायावर उभा राहत नाहीं. त्याला २३ पर्यंत आधार लागतो. मग प्रश्न असा कीं, ज्याचे आईबाप करोनानें गेले त्याला तेवीसपर्यंत आधार हवा, आणि ज्याचे आईबाप क्षयानें, अपघातानें किंवा दारिद्र्यानें गेले त्याला नको काय? दरमहा ४,००० प्रमाणें तीन वर्षांचे १,४४,००० रुपये होतात. तेवीसपर्यंत धरले तर २,४०,०००. एका माणसाचें आयुष्य मार्गाला लावण्याची ही किंमत राज्याच्या तिजोरीला फार जड आहे, असें मला वाटत नाहीं.

पण केवळ पैशानें काम होत नाहीं. या मुलांना चार गोष्टी हव्या असतात: कागद, आराखडा, जागा आणि माणूस.

कागदाचें महत्त्व आपल्याला एरवीं कळत नाहीं, कारण आपल्या कपाटांत ते असतात. जन्माचा दाखला, आधारपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचें पुस्तक, आणि जो खरोखर अनाथ असेल त्याचें अनाथ प्रमाणपत्र. हें शेवटचें प्रमाणपत्र नसेल तर त्या १ टक्का आरक्षणाचा त्याला उपयोग शून्य. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं संस्थेची मुद्रा आणि समितीची सही सहज मिळते. नंतर त्याच सहीसाठीं त्या मुलाला एकट्यानें हेलपाटे घालावे लागतात, आणि प्रत्येक हेलपाट्यास एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून माझें म्हणणें असें कीं, दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरतांनाच या सर्व कागदांची एक पिशवी प्रत्येक मुलाच्या नांवें तयार असावी, आणि बाहेर पडतांना ती त्याच्या हातीं द्यावी.

दुसरी गोष्ट आराखडा. नियम दोन महिन्यांचा आहे. दोन महिन्यांत आमच्याकडे एका पोरीच्या लग्नाची तयारीसुद्धां होत नाहीं. मग आयुष्याचा आराखडा कसा व्हावा? कोणता मुलगा सुतारकामांत रमतो, कोणती मुलगी परिचारिका होऊं शकेल, कोणाला अजून लेखन-वाचनच पक्कें येत नाहीं, हें नववी-दहावींत कळतें. तयारी तेव्हांच सुरू झाली पाहिजे. ज्यानें आपल्या हातानें कधीं किराणा आणला नाहीं, भाकरी भाजली नाहीं, बँकेंत पैसे भरले नाहींत, त्याला या साध्या गोष्टीही संस्थेंत असतांनाच शिकविल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट जागा. मुलींच्या बाबतींत ही अडचण दुपटीनें बिकट होते. मुलगा दुकानाच्या फळीवर झोपूं शकतो. मुलीनें कोठें जावें? मग "चांगलें स्थळ आलें आहे, लग्न लावून देऊं, म्हणजे सुटलों," असा विचार भल्या माणसांच्याही मनांत येतो. लग्न वाईट नव्हे. परंतु ज्या मुलीला माहेर नाहीं, तिचें लग्न ही तिची एकुलती एक सोय असतां कामा नये. सासरीं जाच झाला तर परत येण्याला ज्या मुलीला दार नाहीं, तिला सहन करण्याखेरीज गत्यंतर उरत नाहीं. तिच्या हातांत आधीं एखादी विद्या आणि अंगांत आपल्या पायावर उभें राहण्याची धमक येऊं द्या. मग ती आपल्या मर्जीनें संसार मांडील.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट माणूस. या सर्व कामाचा भार जिल्हा बाल संरक्षण कक्षावर असतो. २००९-१० पासून केंद्राच्या योजनेखालीं हे कक्ष उभे राहिले. परंतु तेथील बहुतेक कार्यकर्ते कंत्राटी पद्धतीवर नेमलेले असतात. त्यांच्यांतील कित्येकांची तळमळ मीं पाहिली आहे. पण ज्याला आपलीच नोकरी पुढील वर्षीं राहील कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या पांच वर्षांचा आराखडा कसा आंखावा? वर्गावर दर सहा महिन्यांनीं नवा मास्तर आला तर मुलें काय शिकतील, हें पालकांना सांगावें लागत नाहीं. या कार्यकर्त्यांना स्थैर्य आणि पुरेसें वेतन देणें हें त्या मुलांचेंच काम आहे. आणि त्यांनीं प्रत्येक तरुणाची, तो बाहेर पडल्यावर निदान पांच वर्षें, वर्षांतून दोनदां चौकशी करून नोंद ठेवावी. हजेरीपट तेवीसपर्यंत चालूं राहावा, एवढेंच माझें मागणें आहे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, "गुरुजी, अशानें हीं मुलें परावलंबी होतील. पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं." हें खरें आहे. पण आमच्याकडे मुलाला विहिरींत पोहावयास शिकवितात तेव्हां पाठीला वाळलेला भोपळा बांधतात, आणि कांठावर एक जाणता माणूस उभा असतो. मुलाचे हातपाय मुलगाच मारतो. भोपळा त्याच्याऐवजीं पोहत नाहीं. पुढें त्याची गरज उरत नाहीं, तेव्हां तो सोडून ठेवतात. अठराव्या वर्षीं भोपळा सोडावयाचा आणि त्याच क्षणीं कांठावरचा माणूसही घरीं निघून जावयाचा, याला पोहणें शिकविणें म्हणत नाहींत.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाहीं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. एका विधवेच्या पोटीं तेथें जन्मलेल्या यशवंताला त्यांनीं दत्तक घेतलें. १८९० सालीं जोतीराव वारले तेव्हां यशवंत विशीच्याही आंत होता. जोतीराव गेले, पण आई मागें उभी होती. पुढें तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत मायलेकांनीं मिळून रोग्यांची सेवा केली. त्या सेवेंतच सावित्रीबाईंना मरण आलें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. पण निवारा देऊन ते थांबले नाहींत. निवाऱ्यापुढें शाळा हवी आणि शाळेपुढें उच्च शिक्षण हवें, हें ओळखून त्यांनीं १९०७ सालीं महिला विद्यालय आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें केलें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं साताऱ्यांत वसतिगृह चालविलें. तेथील मुलें मॅट्रिक झाल्यावर "आतां तुमचें तुम्ही पाहा" असें न म्हणतां १९४७ सालीं "कमवा आणि शिका" या तत्त्वावर त्यांनीं कॉलेज सुरू केलें. या सर्वांची दृष्टि एक होती. मुलाच्या वयाकडे पाहून त्यांनीं हात सोडला नाहीं. मूल उभें राहिलें कीं नाहीं, हें पाहून सोडला.

आतां आपण काय करावें? सरकारनें करावयाच्या गोष्टी मीं सांगितल्या. त्या आपल्या आमदारांजवळ आणि जिल्हा परिषदेच्या सभासदांजवळ मागत राहणें हें आपलें काम आहे. या मुलांना स्वतःचा मतदारसंघ नाहीं, जात नाहीं, सभा भरविणारे नातेवाईक नाहींत. त्यांच्या वतीनें बोलणारा कोणी नसेल तर त्यांची गोष्ट निघणारच नाहीं. पण कांहीं कामें अशींही आहेत कीं, ज्यांना सरकारी हुकूम लागत नाहीं. अनुरक्षणास मदत करूं इच्छिणाऱ्या संस्थांची आणि व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षानें ठेवावी, असें त्याच आदर्श नियमावलींत आहे. व्यक्तींची, हा शब्द लक्षांत घ्या. म्हणजे तुमचें नांव त्या यादींत असूं शकतें. ज्याची खोली रिकामी आहे त्यानें खोली वाजवी भाड्यानें द्यावी. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करतांना "याचें कोणी नाहीं" म्हणून त्याला परत लावूं नये. ज्याचें दुकान किंवा कारखाना आहे त्यानें एका मुलाला उमेदवारीवर घ्यावें, आणि त्याला शिकावयास जातां येईल एवढा वेळ मोकळा ठेवावा. निवृत्त कारकुनानें अर्ज लिहून द्यावेत. निवृत्त परिचारिकेनें मुलींना आजारपणाच्या व आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगाव्यात. माझ्यासारख्या मास्तरानें गणित आणि इंग्रजी शिकवावें. हें सर्व कक्षाला कळवून, समितीच्या संमतीनें आणि देखरेखीखालीं करावें. कारण ज्या मुलांना पूर्वीं फसविलें गेलें आहे, त्यांच्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची पारख झालीच पाहिजे. त्यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं. आणि अठराच्या आंतलें मूल कोठें संकटांत दिसलें, तर १०९८ हा दूरध्वनि क्रमांक प्रत्येकानें पाठ करून ठेवावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानें टाळावी. दिवाळीला फराळाचे डबे घेऊन जावयाचें, मुलांबरोबर छायाचित्र काढावयाचें, आणि पुढील दिवाळीपर्यंत त्यांची आठवण काढावयाची नाहीं, ही चाल फार बोकाळली आहे. त्या मुलांना लाडू मिळाले तर आनंदच होतो. पण अठराव्या वर्षीं त्यांच्याजवळ लाडू नसतात, आणि छायाचित्रांतला पाहुणाही नसतो. तुम्ही वर्षांतून एकदां शंभर मुलांकडे जाण्यापेक्षां एका तरुणाकडे वर्षांतून बारा वेळां जा. त्याच्या पहिल्या पगाराची गोष्ट ऐका. नोकरी सुटली तर "पुन्हां पाहूं" म्हणा. ताप आला तर डॉक्टरकडे न्या. आपल्या मुलांसाठीं आपण याहून निराळें काय करतों?

श्रोतेहो, पालकत्व हा कांहीं रक्तापुरता विषय नाहीं. ज्या मुलाला समितीच्या हुकुमानें आपण एकदां बालगृहांत घेतलें, त्याचे पालक आपण झालों. कारण ती समिती आपल्या नांवानें बसते आणि तें बालगृह आपल्या करांतून चालतें. पालकाला निवृत्तीचें वय नसतें. अर्जावरच्या त्या रकान्यांत एखाद्या मुलानें काय लिहावें, याचें उत्तर शोधण्याचें काम त्या मुलाचें नसून आपलें आहे.